धागा: ओव्हरीची सिस्ट सोलताना पाण्याची मदत – सुई, द्राव, दाब आणि कुठे फसतं

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात दुर्बिणीची ऑपरेशनं करणारे बरेच जण या मंचावर आहेत. हायड्रोडिसेक्शन (पाण्याच्या दाबाने थर सोडवणं) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण सुई कुठे, किती मि.ली., कधी थांबायचं यावर नीट लिहिलेलं मराठीत सापडत नाही. म्हणून हा धागा.

मूळ कल्पना साधी आहे. सिस्टची भिंत आणि ओव्हरीचा कॉर्टेक्स (बाहेरचं आवरण) यांच्यामध्ये एक सैल थर असतो. त्या थरात पाणी सोडलं की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, भिजवलेल्या बदामाचं साल सुटतं तसे. मग ओढाओढ कमी, फाटणं कमी, बायपोलर (रक्त थांबवायला विजेच्या चिमट्याने डागणं) कमी. प्रत्यक्षात पाणी एक तर सिस्टच्या आत जातं, नाहीतर कॉर्टेक्समध्येच मुरतं, आणि "काही उपयोग नाही याचा" म्हणून सुई ट्रॉलीवर परत जाते.

माझी पद्धत लिहितो. सिस्ट साधारण १० सें.मी.च्या आतली, सोनोग्राफीत साधी किंवा डर्मॉइड (आत चरबी-केस असलेली), असं धरून.

बेंबीतून १० मि.मी. पोर्ट (हत्यारं आत घालायची नळी), खाली ५ मि.मी.चे दोन किंवा तीन. गॅसचा दाब १२ मि.मी. पारा. आधी डायफ्रॅम, लिव्हरचा पृष्ठभाग, ओमेंटम, अपेंडिक्स आणि दुसरी ओव्हरी बघून घ्यायची, आणि कशालाही हात लावण्याआधी ५० ते १०० मि.ली. सलाईन डग्लसच्या खळग्यात (गर्भाशयामागे) सोडून सायटॉलॉजीसाठी (पेशींच्या तपासणीसाठी) परत ओढून घ्यायचं. हे नंतर करून चालत नाही, सिस्ट फुटली की त्या धुवणाला अर्थ उरत नाही.

मग ओव्हरी स्थिर करायची. ओव्हेरियन लिगामेंट पकडा, कॉर्टेक्स पकडू नका. ज्या बाजूला मेसोओव्हेरियम (ओव्हरीला धरणारा पडदा) नाही त्या मोकळ्या कडेवर, हायलम (रक्तवाहिन्या शिरतात ती जागा) आणि फिंब्रियापासून (ट्यूबच्या झालरीपासून) लांब, जिथे कॉर्टेक्स पातळ आणि निळसर दिसतो तिथे सुई. २० किंवा २२ नंबरची स्पायनल सुई पोटाच्या भिंतीतून सरळ ओव्हरीच्या वर उतरवता येते, नाहीतर ५ मि.मी.ची लॅपरोस्कोपिक सुई पोर्टमधून. सुई पृष्ठभागाला जवळजवळ आडवी, टीबीची कातडीतली टेस्ट देताना धरतो तशी. आधी मागे ओढून बघायचं, रक्त किंवा सिस्टमधलं पाणी येत नाही ना. मग १० मि.ली.च्या सिरिंजने हळू दाब.

बरोबर थरात असाल तर पांढरट फुगवटा उठतो आणि तो पसरत जातो, सिरिंजला फारसा विरोध लागत नाही. १० ते २० मि.ली. पुरतं. विरोध जास्त आणि वर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तर सुई कॉर्टेक्समध्ये आहे, अर्धा मि.मी. पुढे घ्या. विरोध काहीच नाही, फुगवटाही नाही, सिस्ट मात्र ताठ होतेय, तर सुई आत गेलीय. लगेच थांबा, आणखी भरलं तर त्याच भोकातून फुटेल.

फुगवट्यावर थंड कात्रीने १ ते २ सें.मी.चा छेद, फक्त कॉर्टेक्सपुरता. कडा दातेरी ग्रास्परने धरून सक्शन-इरिगेशनची ५ मि.मी.ची नळी त्या फटीत सरकवायची आणि पाणी झटक्याझटक्याने सोडायचं. नळीचं टोक कॉर्टेक्सच्या बाजूला टेकवायचं, सिस्टच्या भिंतीवर नाही. पाणी, मग बोथट मेरीलँडने (वाकड्या टोकाच्या चिमट्याने) थोडं उघडणं, परत पाणी. जे तंतू पाण्याने सुटत नाहीत तेवढेच कापायचे.

बाकीच्यांनी भर घाला. चुका दाखवल्यात तर उत्तमच.

---

चिकोडीचा_पीजी

सर, फारच कामाचं. दोन शंका. नुसतं सलाईन की व्हॅसोप्रेसिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) घालून? आणि घालायचं तर किती? पुस्तकागणिक वेगळा आकडा मिळतो.

---

मलप्रभा

व्हॅसोप्रेसिनबद्दल सांगते, पण मात्रेवर भूलतज्ज्ञांनी बोललेलं बरं.

त्याचा फायदा थर उघडण्यात तितका नाही, रक्त कमी दिसण्यात आहे. रक्त कमी म्हणजे थर डोळ्याला दिसतो, आणि दिसला की बायपोलर कमी लागतं. फॉलिकल (बीजांच्या पिशव्या) बायपोलरच्या उष्णतेने मरतात, म्हणून शेवटी फायदा ओव्हरीला. डर्मॉइड किंवा सिरस सिस्टला नुसतं सलाईन बहुतेक वेळा भागवतं. चॉकलेट सिस्टला (एंडोमेट्रिऑसिसची, जुन्या रक्ताने भरलेली) औषध घातलेलं पाणी खरंच उपयोगी पडतं.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. औषधाचा असर असेपर्यंत ओव्हरीचं बेड कोरडं, सुंदर, पांढरं दिसतं. अर्ध्या-पाऊण तासाने तेच पाझरायला लागतं, तोवर पोर्ट बंद झालेले असतात. म्हणून शेवटी गॅसचा दाब ८ वर आणा, श्रोणीत सलाईन भरा आणि ओव्हरी पाण्याखाली बुडवून दोन-तीन मिनिटं शांत बघा. कुठे रक्त येत असेल तर पाण्यात लाल दोरा सुटलेला दिसतो. तिथेच, तेवढ्यापुरतं, टिपून बायपोलर. बेडभर फिरवू नका.

---

निपाणी_भूल

चिकोडीचे डॉक्टर, ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी ठरवायची असते, सुई आत गेल्यावर नाही.

आपल्याकडे मिळणारा अँप्यूल १ मि.ली.त २० युनिटचा. तो १०० मि.ली. सलाईनमध्ये घातला की मि.ली.ला ०.२ युनिट. २०० मि.ली.त घातला की ०.१ युनिट. दुसरं द्रावण २० मि.ली. टोचलंत तर २ युनिट गेलं, पहिलं तेवढंच टोचलंत तर ४. एकूण ४-५ युनिटच्या पुढे जाऊ नये असं मी धरतो, आणि ०.१ चंच द्रावण मागतो. सर्जनने "आणखी पाच घालतो" म्हटलं की मोठ्याने आकडा सांगायचा: आतापर्यंत किती मि.ली., म्हणजे किती युनिट. सिस्टरने फळ्यावर लिहायचं.

आता बिघडतं कसं ते. सुई शिरेत असली तर मिनिटाभरात नाडी ४० वर येते, चेहरा पांढराफटक पडतो, ब्लड प्रेशर चढतं. त्याहून वाईट म्हणजे हातापायाच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की मनगटाची नाडी लागत नाही, कफवर प्रेशर येत नाही, ऑक्सिमीटरचा आलेख सपाट होतो. दिसायला अगदी कोलमडलेला पेशंट, पण आतलं प्रेशर प्रचंड असतं. अशा वेळी घाईने अॅड्रेनालिन दिलं तर फुप्फुसात पाणी भरायला उशीर लागत नाही. ईटीसीओटू (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा) बघा, मोठ्या धमनीवर, मांडीत किंवा मानेत, हात ठेवून बघा, मगच औषध उचला. पोटातला गॅस बाहेर सोडायला सांगा, टोचणं बंद, शंभर टक्के ऑक्सिजन. नाडी फार खाली असेल तर अॅट्रोपिन ०.६ मि.ग्रॅ.

नाडी पडण्याचं दुसरं, जास्त नेहमीचं कारण म्हणजे गॅसने पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) ताणला जाणं. तेही गॅस बाहेर सोडला की सुधारतं. म्हणून दोन्हीत पहिली कृती एकच.

हृदयाचा त्रास, ताब्यात नसलेलं ब्लड प्रेशर, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गरोदरपण: इथे मी व्हॅसोप्रेसिनला नाही म्हणतो. नुसतं सलाईन वापरा की. कुणी १ मि.ग्रॅ. अॅड्रेनालिन २०० मि.ली.त, म्हणजे दोन लाखात एक, वापरतात. चालतं, पण हॅलोथेन चालू असेल तिथे ठोके बिघडतात हे ध्यानात असू द्या. आपल्या छोट्या ओटींमधून ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

---

ओटीसिस्टर_वडगाव

द्रावणाच्या बाटलीवर लाल पेनाने "व्हॅसो, शिरेतून नाही" असं लिहून चिकटपट्टी लावायचीच. ट्रॉलीवर दोन सारख्या सलाईनच्या वाट्या आणि एकीत औषध, इथून घोळ सुरू होतो. औषधाची वाटी वेगळ्या आकाराची ठेवा आणि इरिगेशनच्या पाण्यात कधीच मिसळू नका.

दाबाबद्दल. पंप नसेल तर सलाईनची बाटली ओटी टेबलापासून एक मीटर वर टांगली तर सुमारे ७५ मि.मी. पाऱ्याइतका दाब मिळतो, त्यातून पोटातला १२ वजा. धुण्याला पुरेसा, थर उघडायला अपुरा. प्रेशर बॅग ३०० वर फुगवून तीन लिटरची पिशवी लावली की पाण्याला धार येते. पण प्रेशर बॅग उतरत राहते, दर दहा मिनिटांनी बघावी लागते. डॉक्टर "पाणी येत नाहीये" म्हणून ओरडतात तेव्हा बहुतेक वेळा बॅग उतरलेली असते किंवा नळीवर कुणाचं तरी पाऊल असतं.

पाणी कोमट हवं, ३७ ते ४०. हाताला लागतं तेवढं बघून नाही, थर्मामीटर लावून. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या पिशवीत एका जागी उकळतं पाणी असतं. पावसाळ्यात खानापूर बाजूच्या ओटीत खोलीच इतकी गार असते की तीन लिटर थंड सलाईन पोटात गेलं की पेशंट रिकव्हरीत दात वाजवत येते.

---

घटप्रभा

सिस्टर, +१. आणि पेशंटचं तापमान राहू द्या, डर्मॉइडमध्ये गार पाणी म्हणजे कामच वाढवणं. आतला चरबट माल अंगाच्या उष्णतेला पातळ असतो, गार पाण्याने तुपासारखा थिजतो आणि आतड्याच्या घड्यांमध्ये चिकटून बसतो.

डर्मॉइड फुटलाच तर: आधी भोकाला सक्शनची नळी लावून मोठा भाग तिथेच ओढा. मग टेबल सपाट करा. डोकं खाली ठेवून धुतलंत तर सगळी चरबी डायफ्रॅमखाली जाऊन बसेल. कोमट सलाईन एकेक लिटर सोडा, हलवा, ओढा. चरबी वर तरंगते, म्हणून नळीचं टोक पाण्याच्या वरच्या थराला. केस बुडतात किंवा चिकटतात, ते ग्रास्परने एकेक उचलावे लागतात. परत येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत, मग ५ लिटर लागो की ८. असं धुतल्यावर रासायनिक पेरिटोनायटिसचं प्रमाण फार कमी, ०.२ टक्क्यांच्या आसपास सांगतात. न धुता आलात तर ताप, पोट फुगणं आणि सगळी आतडी एकत्र चिकटलेली.

आणि रोकिटान्स्कीचा उंचवटा. डर्मॉइडच्या आत जिथे केस, दात, हाडाचा तुकडा असतो, त्या जागी भिंत आणि कॉर्टेक्स घट्ट जोडलेले असतात. पाणी तिथे पोचून अडतं. ढकलत राहू नका, बाजू फुटते. तेवढा भाग धारेने कापा.

---

टिळकवाडीकर

घटप्रभा, टेबल सपाट करण्याचा मुद्दा मी लिहायला हवा होता. धन्यवाद.

सलाईन की रिंगर लॅक्टेट, हाही वाद इथेच मिटवू. थर उघडण्यासाठी काहीही चालतं. पण मोनोपोलर (करंट अंगातून जाणारं विजेचं हत्यार) वापरणार असाल तर दोन्ही वीज वाहतात, करंट पाण्यात पसरतो, कापणं मंद होतं आणि माणूस वॅट वाढवत बसतो. पाणी ओढून घ्या, मग मोनोपोलर, नाहीतर बायपोलर वापरा. ग्लायसिन किंवा डिस्टिल्ड वॉटर सोडायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. रक्तात मुरलं की सोडियम पडतं, डिस्टिल्डने तर तांबड्या पेशी फुटतात. चार-पाच लिटरच्या वर जाणार असाल तर मी रिंगरकडे वळतो, कारण नुसत्या सलाईनच्या एवढ्या मात्रेने क्लोराइड वाढून रक्त आम्लाकडे झुकतं. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, हे सिस्टरच्या फळ्यावर असलं पाहिजे.

---

मलप्रभा

चॉकलेट सिस्टवर स्वतंत्र लिहिते. खरी परीक्षा तिथेच आहे, आणि पाण्याचं गुणगान जरा जास्त होतंय असं वाटलं म्हणूनही.

चॉकलेट सिस्टला खरी भिंतच नसते. कॉर्टेक्स आतल्या बाजूला वळलेला, त्यावर एंडोमेट्रिऑसिसचा थर आणि मध्ये व्रणासारखा घट्ट पट्टा. जिथे ओव्हरी श्रोणीच्या भिंतीला चिकटलेली असते तिथे तर थर नसतोच. डर्मॉइड वालाच्या बिरड्यासारखा सुटतो, हा कच्च्या कैरीसारखा, साल काढलं की गर बरोबर येतो. गर म्हणजे फॉलिकल. काढलेल्या पापुद्र्याची तपासणी केली तर हायलमजवळच्या तुकड्यात चांगली ओव्हरी जास्त सापडते. म्हणूनच ऑपरेशननंतर एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ३० ते ४० टक्क्यांनी उतरतं, दोन्ही बाजूंना असेल तर आणखी. दोन्ही बाजूंची काढल्यावर मासिक पाळी कायमची जाण्याचा धोकाही २-३ टक्क्यांच्या घरात नोंदलेला आहे. हे पेशंटला आधी सांगायलाच हवं, आणि एएमएच आधी करून ठेवायला हवं.

ओव्हरी सोडवताना सिस्ट बहुतेक वेळा फुटतेच, चॉकलेट बाहेर येतंच. ते ओढून, धुऊन घ्यायचं. सोडवण्याआधी बाजूच्या भिंतीच्या पेरिटोनियमखाली २०-३० मि.ली. सलाईन टोचलं तर पेरिटोनियम उचलला जातो आणि युरेटर (किडनीकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी) खाली, बाहेरच्या बाजूला राहतो. चॉकलेट सिस्टमध्ये पाण्याचा मला पटलेला सर्वांत मोठा उपयोग हा आहे. ओव्हरी जिथे चिकटलेली असते, बरोबर त्याच्या मागे युरेटर जातो.

मग जिथे फुटली तिथूनच सोलायला सुरुवात करू नका. त्या भोकाभोवती व्रण असतो. त्याच्या गोल भोवतीने कॉर्टेक्स कापून, पलीकडच्या मऊ भागात सुई घाला, तिथे पाणी थर दाखवतं. दोन ग्रास्पर उलट दिशांना, हळू, जवळून जवळून पकड बदलत. हायलमपाशी आलात आणि थर धूसर झाला की थांबा. उरलेला १०-२० टक्के भाग सोलण्याऐवजी लेसरने किंवा अगदी कमी शक्तीच्या बायपोलरने जाळणारे लोक आहेत, मला ते पटतं. पूर्ण सिस्ट हातात दाखवण्याचा हट्ट ओव्हरीला महाग पडतो.

आणि टाका. बेडमधून रक्त असेल तर ३-० व्हिक्रिलचा आतून एक टाका बायपोलरपेक्षा चांगला. ओव्हरीच्या कडा आपोआप जुळत असतील तर तोही नको.

---

चिकोडीचा_पीजी

मॅडम, मग चॉकलेट सिस्टला नुसतं ओढून घेऊन भिंत जाळली तर काय बिघडलं? ओव्हरी तरी वाचेल.

---

मलप्रभा

परत भरते, म्हणून. ईश्रेच्या (युरोपातल्या प्रजनन-तज्ज्ञांच्या संस्थेच्या) २०२२ च्या मार्गदर्शनातही पाणी काढून जाळण्यापेक्षा सिस्ट काढणंच सुचवलंय, कारण परत येण्याचं प्रमाण कमी राहतं. ओव्हरीच्या साठ्याची काळजी घेऊन, हेही तिथेच आहे. नुसती सुईने ओढून सोडणं तर सगळ्यात वाईट, बहुतेक वेळा काही महिन्यांत परत भरते. आयव्हीएफ करायचंय एवढ्याच कारणाने काढायची घाईही करू नये.

---

घटप्रभा

आता जिथे सुई लावायचीच नाही ते.

सोनोग्राफीत आयोटाचे (ओव्हरीच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे) साधे नियम बघा: वेडीवाकडी घन गाठ, पोटात पाणी, चार किंवा जास्त पॅपिलरी उंचवटे, १० सें.मी.च्या वरची अनेक कप्प्यांची घन-पातळ मिश्र गाठ, खूप रक्तप्रवाह. यातलं काही असेल आणि साध्या सिस्टची लक्षणं नसतील तर तो पेशंट दुर्बिणीने सिस्ट सोलायचा नाहीच, कॅन्सर सर्जनकडे पाठवायचा. कॅन्सर ओव्हरीपुरता असताना ऑपरेशनमध्ये फोडलात तर आयए टप्प्याचा आयसी१ होतो, म्हणजे टप्पा चढतो. पाण्याने थर उघडताना भिंत फुटायची शक्यता उरतेच. चाळिशीच्या आतल्या बाईला घन भाग असलेली गाठ असेल तर एलडीएच, एएफपी आणि एचसीजी या रक्ततपासण्या करा. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) एकटं बघू नका, ते एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढतं.

आपल्या भागात दोन गोष्टी आणखी. पोटाचा टीबी. सीए-१२५ चढलेलं, श्रोणीत कप्प्याकप्प्यांचं पाणी, ओमेंटम जाड, वजन उतरलेलं: हुबेहूब ओव्हरीच्या कॅन्सरसारखं चित्र, किंवा कुणाला साधी सिस्ट वाटतं. दुर्बिणीतून पेरिटोनियमवर पांढरे दाणे दिसले तर थांबा, तुकडा घ्या, सीबी-नॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि हिस्टोपॅथॉलॉजी दोन्हींना पाठवा. सीबी-नॅटचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकू नका, सलाईनमध्ये. सोलण्याच्या भानगडीत पडलात तर आतडं उघडेल.

दुसरी हायडॅटिड (कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची सिस्ट). क्वचितच, पण अथणी-रायबाग बाजूला मेंढरं आणि कुत्री एकत्र वावरतात. सिस्टच्या आत छोट्या सिस्टा, किंवा सुटलेला पापुद्रा तरंगताना दिसला तर सुई घालण्याआधी लिव्हरची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. चुकून टोचलीत तर टेबलावरच अॅनाफायलॅक्सिस, आणि पुढे पोटभर सिस्टा.

---

सीमावासी

नमस्कार. मी डॉक्टर नाही, वहिनीच्या रिपोर्टवर उजव्या अंडाशयात ४.५ सें.मी.ची साधी पाण्याची गाठ लिहिलंय. एकांनी लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. ही पाण्याची पद्धत करून घ्यावी का? आमचं गाव ८६५ च्या यादीत (महाराष्ट्राने हक्क सांगितलेली सीमाभागातली गावं) आहे, तर महाराष्ट्राची योजना चालेल का?

---

टिळकवाडीकर

दादा, वहिनींना पाळी येत असेल, गाठ आतून एकसारखी पाण्याची, कप्पे नाहीत, घन भाग नाही आणि दुखत नसेल, तर ५ सें.मी.च्या आतली अशी गाठ बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जाते. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, पद्धत पाण्याची असो की बिनपाण्याची. ५ ते ७ सें.मी.ला वर्षाने परत सोनोग्राफी, त्याच्यावर असेल तर पुढचा विचार. गर्भनिरोधक गोळ्यांनी ती लवकर जाते असंही नाही. पाळी बंद झालेली असेल तर मात्र हे सगळे नियम बदलतात, डॉक्टरांना दाखवा. एकाएकी जोरात दुखलं आणि उलट्या झाल्या तर सोनोग्राफीची वाट न बघता दवाखाना गाठा, गाठ पिळलेली असू शकते.

योजनेचं म्हणाल तर सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवलं. कुठलं ऑपरेशन पॅकेजात बसतं आणि कुठल्या दवाखान्यात, ते भरती होण्याआधी तिथल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या. इकडचं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड असेल तर तेही बरोबर न्या.

---

निपाणी_भूल

यावरून आठवलं, संमतीपत्र. इथे छापील कागद कन्नड आणि इंग्रजीत असतात. पेशंटला मराठीच वाचता येत असेल तर मराठीत पान करून घ्या. ओव्हरी काढावी लागू शकते, पोट उघडावं लागू शकतं, एएमएच उतरू शकतं, ही तीन वाक्यं तिला कळतील अशा भाषेत तिच्या सहीच्या वर असावीत.

---

टिळकवाडीकर

आता ओव्हरीच्या बाहेरच्या सिस्टा.

पॅराओव्हेरियन सिस्ट ब्रॉड लिगामेंटच्या दोन पापुद्र्यांत असते, ट्यूब तिच्यावर ताणलेली. पाण्यासाठी याहून चांगली जागा नाही. ट्यूबपासून लांब, मागच्या पापुद्र्यावर १०-२० मि.ली. टोचा, पेरिटोनियम उचलला जातो, तिथे कापा, सिस्ट अख्खी बाहेर येते. ओव्हरीला हात लागत नाही. मोठी आणि खाली गेलेली असेल तर तिच्या तळाशी युरेटर शोधूनच पुढे.

योनीमार्गातली गार्टनर डक्टची सिस्ट पुढच्या-बाजूच्या भिंतीत असते. आधी मूत्रमार्गाचं डायव्हर्टिक्युलम (मूत्रमार्गाची फुगलेली पिशवी) नाही याची खात्री करा, आणि किडन्यांची सोनोग्राफी, कारण त्या बाजूची किडनी नसण्याशी तिचा संबंध असतो. इथे श्लेष्मल पडद्याखाली पातळ व्हॅसोप्रेसिन किंवा नुसतं सलाईन, आणि कॅथेटर घालून ठेवायचा म्हणजे मूत्रमार्ग बोटाला लागतो.

बार्थोलिनच्या गाठीत (योनीच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीच्या) मात्र पाण्याने सोलायला जाऊ नका. खालच्या वेस्टिब्युलर बल्बमधून आवरत नाही असं रक्त येतं. वर्ड कॅथेटर (टोकाला फुगा असलेली छोटी नळी): योनीच्या तोंडाशी, हायमेनच्या बाहेरच्या बाजूला ५ मि.मी.चा छेद, फुग्यात २-३ मि.ली. सलाईन, हवा नाही, चार आठवडे. छेद मोठा केलात तर कॅथेटर दुसऱ्या दिवशी पडतो. चाळिशीनंतर नव्याने आलेली गाठ असेल तर तुकडा तपासायला.

---

चिकोडीचा_पीजी

शेवटची शंका. पिळलेल्या सिस्टमध्ये? ओव्हरी काळीनिळी दिसते तेव्हा?

---

घटप्रभा

पीळ सोडवा, आणि थांबा. काळी दिसली म्हणून काढू नका, बरीचशी सावरते. सिस्ट त्याच वेळी सोलायचा मोह आवरा. ऊतक आधीच पाण्याने भरलेलं असतं, त्यात आणखी पाणी सोडून थर मिळत नाही, जिथे हात लावाल तिथे फाटतं. फार ताठ असेल तर थोडं पाणी ओढून हलकी करा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफी करून उरलेली सिस्ट नीट काढा.

---

ओटीसिस्टर_वडगाव

बाहेर काढण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. तयार एंडोबॅग महाग पडते म्हणून ग्लोव्हची पिशवी करतात. करा, पण बिनपावडरचा ग्लोव्ह, बोटं गाठ मारून कापलेली, सलाईनने आतून बाहेरून धुतलेला, आणि तोंडाला लांब दोरा ज्याचं टोक पोटाबाहेर राहील. सिस्ट पिशवीत गेल्यावर पिशवीचं तोंड १० मि.मी.च्या पोर्टमधून बाहेर काढून, आतला माल पिशवीतच ओढून घ्यायचा. सुई तेव्हा पिशवीच्या आत, बाजूने नाही. पिशवी फाटली की इतका वेळ जपलेलं सगळं पोटात. जोराने ओढण्यापेक्षा डॉक्टरांकडून छेद अर्धा सें.मी. वाढवून मागा. १० मि.मी. किंवा मोठ्या पोर्टचा खालचा पडदा शिवलाय का ते विचारल्याशिवाय कातडीचा टाका हातात देऊ नका.

डबीत फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट. दोन्ही बाजूंच्या सिस्टा असतील तर दोन डब्या, उजवी-डावी डबीवर लिहायची, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.